दारांतील कांटेरी स्तंभ

कांटेरी झाड दारांत असूं नये, हा आमच्या समाजांतील एक जुना समज आहे. आणि वास्तुशास्त्राच्या नांवानें अलीकडे जीं पुस्तकें निघतात त्यांनीं तो अधिकच घट्ट केला आहे. आमच्या वटारच्या घरीं येणारा पाहुणा ओटीची पायरी चढण्यापूर्वीं उजवीकडे पाहतो, आणि तुळशीवृंदावनापासून चार हातांवर एका मोठ्या कुंडींत नऊ फूट उंचीचा, धारदार पैलूंचा हिरवागार निवडुंग उभा दिसला कीं त्याच्या कपाळावर आठी पडते. कांहीं जण सभ्यपणानें गप्प राहतात. कांहीं ‘मास्तर, हें काय?’ म्हणून सरळ विचारतात. तेंच उत्तर वारंवार देण्यापेक्षां एकदां सर्व हकीकत लिहून काढावी; ज्यांना हें झाड पाळावयाचें असेल त्यांस तिचा उपयोग होईल, व ज्यांना तें नको असेल त्यांस निदान आमची बाजू तरी कळेल, असें वाटल्यावरून हे चार शब्द लिहीत आहों.

प्रथम कांट्यांविषयीं. महादेवास आपण ज्या बेलाचीं पानें वाहतों त्यास कांटे आहेत. दसऱ्यास जी शमी पूजितों तिलाही आहेत. बंगालांत सर्पांची देवता जी मनसा, तिची पूजा स्नुहीच्या, म्हणजे आपल्याच रानांतील एका निवडुंगाच्या फांदीवर करतात. पुण्यांत नाना पेठेंत तर साक्षात् पांडुरंगच ‘निवडुंग्या विठोबा’ या नांवानें उभा आहे, आणि तुकोबांची पालखी पंढरीस जातांना त्याच्याच देवळांत मुक्काम करते. देवास जी शेजार चालते ती आम्हां गृहस्थांस कां चालूं नये, हें आम्हांस कोणी अद्यापि समजावून दिलें नाहीं.

दुसरा आक्षेप परकेपणाचा. हें झाड आपलें नव्हे, अमेरिकेंतील आहे, असें म्हणतात. आणि तें खरेंही आहे. परंतु एकादशीस आपण जीं रताळीं, बटाटे व शेंगदाणे भक्तिभावानें खातों तीं सारीं अमेरिकेंतूनच आलेलीं आहेत. साबुदाणाही आपल्याकडे ज्या कंदापासून करतात तो तिकडचाच. दसऱ्याच्या तोरणांतील झेंडू मेक्सिकोचा आहे. इतक्या परदेशस्थांस ज्या घरांत सोवळ्यांत प्रवेश मिळाला आहे, त्या घराच्या अंगणांत आणखी एक उभा राहिला तर धर्म बुडेल असें आम्हांस वाटत नाहीं.

आतां नांवाचा घोटाळा. मराठींत ‘निवडुंग’ हा शब्द आपण दोन अगदीं भिन्न कुळांस सरसकट लावतों. आपला देशी निवडुंग तो स्नुही. अमरकोशांत त्याला ‘वज्र’ असें नांव आहे, आणि ‘समन्तदुग्धा’ असेंही आहे. म्हणजे जिच्या सर्वांगांत दूध आहे ती. ‘स्नुह्’ हा धातु ओकणें, बाहेर टाकणें या अर्थाचा आहे. चरकानें तीक्ष्ण रेचकांत या दुधास अग्रस्थान दिलें आहे, आणि भगंदरावर वैद्य जें क्षारसूत्र वापरतात त्याच्या दोऱ्यावर याच दुधाचे लेप देतात. हें दूध डोळ्यांत गेल्यास मोठी इजा होते. ज्यास आपण कॅक्टस म्हणतों त्याचें कूळ निराळें. तें चिरलें असतां असें पांढरें दूध सहसा निघत नाहीं, पाण्यासारखा चिकट रस येतो, आणि त्याच्या कांट्यांच्या प्रत्येक झुबक्याच्या बुडाशीं लोकरीसारखी एक बारीक गादी असते. ती गादी दिसली कीं कॅक्टस ओळखावा. या कुळांतील झाडून साऱ्या जाति मूळच्या अमेरिकेच्या. एक झाडांवर लोंबणारी जाति तेवढी आफ्रिकेंत व लंकेंत आपोआप उगवलेली सांपडते.

आपल्या माळरानांवरील फड्या निवडुंग हा या अमेरिकन कुळांतीलच होय, आणि त्याची कथा मोठी बोधप्रद आहे. किरमिजी रंग देणारा किडा हिंदुस्थानांत वाढवावा या हेतूनें १७९५ सालीं तो ब्राझीलहून येथें आणण्यांत आला. आलेला किडा खरा किरमिजी किडा नव्हे, त्याचा एक हलका भाऊबंद निघाला. रंगाचा व्यापार साधला नाहीं. परंतु त्या किड्यानें एका जातीचा फड्या निवडुंग बघतां बघतां फस्त केला. पुढें १९२६ सालीं दक्षिणेंत माजलेल्या दुसऱ्या एका जातीवर लंकेंतून तशाच एका किड्याची मुद्दाम योजना करण्यांत आली. तणावर कीड सोडण्याचे हे जगांतील अगदीं आरंभीचे प्रयोग समजतात. आणि आमच्या भगिनी ज्या फुलासाठीं आषाढांत रात्रीं जागतात व ज्याची आरती करतात, तें कुंडींतील ‘ब्रह्मकमळ’ हाही मेक्सिकोकडचा एक कॅक्टसच आहे. खरें ब्रह्मकमळ हिमालयांत होतें, तें निराळें. तेव्हां पुष्कळ घरांत कॅक्टस आधींच येऊन बसला आहे. यजमानास पत्ता नाहीं, इतकेंच.

आमच्या दारांतील झाड सीरियस जातीचें. लॅटिन भाषेंत या शब्दाचा अर्थ मेणबत्ती. आमच्या शेजारचे एक ख्रिस्ती गृहस्थ तें झाड प्रथम पाहतांच म्हणाले होते, ‘मास्तर, ही तर आमच्या चर्चमधली ईस्टरची मोठी मेणबत्ती!’ त्यांस लॅटिन येत नव्हतें. पण ज्यानें कोणीं हें नांव ठेवलें त्याला जें दिसलें तेंच यांनाही दिसलें, याची आम्हांस मोठी गंमत वाटली.

तें आमच्याकडे आलें तें असें. आमचे एक सहशिक्षक गणित शिकवीत असत; आम्ही संस्कृत. त्यांच्या जुन्या घराच्या मागील अंगणांत दोन पुरुष उंचीचा सीरियस होता. २००४ सालीं होळीनंतर त्यांनीं त्याचा एक वीतभर तुकडा वर्तमानपत्रांत गुंडाळून आम्हांस दिला आणि बजावलें, ‘पंधरा दिवस याला मातीचें तोंड दाखवूं नका.’ तीन वर्षांनीं त्यांचें घर पाडून त्या जागीं इमारत उभी राहिली, व तें मोठें झाड विटामातीबरोबर गाडींत भरून गेलें. २०११ सालीं आमचे स्नेहीही गेले. म्हणजे त्यांच्या अंगणांतील जें कांहीं या जगांत उरलें आहे तें आमच्या कुंडींत आहे. हें झाड आम्ही इतक्या जिवापाड कां जपतों याचें कारण यापेक्षां निराळें नाहीं.

वसईचा पट्टा म्हणजे केळीचा, पानवेलींचा आणि मोगऱ्याचा. येथें राजेळी केळीं वाळवून सुकेळीं करतात. पावसाळ्यांत येथें दोन हजार मिलिमीटरांहून अधिक पाऊस पडतो. अशा ठिकाणीं वाळवंटांतील झाड जगेल कसें, असें पुष्कळांस वाटतें. त्याचें उत्तर असें कीं, हा सीरियस खऱ्या वाळवंटाचा नव्हेच. तो ब्राझील, उरुग्वे, अर्जेंटिना या बाजूचा आहे व दमट हवा सोसतो. अमेरिकेंतील ॲरिझोना प्रांताचा जो प्रख्यात सग्वारो, जो दीडशें वर्षांहून अधिक जगतो व ज्यास पहिला हात फुटावयासच बहुधा पन्नास-पाऊणशें वर्षें लागतात, त्याला आमच्या ओल्या आषाढांत टिकविणें फार कठीण. सीरियसला पाऊस मारीत नाहीं; मुळाशीं सांचलेलें पाणी मारतें. एवढें एक सूत्र ध्यानांत ठेवलें म्हणजे बाकीचें सर्व त्याचें भाष्य आहे.

कुंडी मातीची किंवा सिमेंटची घ्यावी. प्लॅस्टिकची हलकी कुंडी उंच झाडास पेलत नाहीं. वाऱ्याच्या एका झोतासरशी उलटते. कुंडी मुळांच्या गड्ड्याहून चार बोटें रुंद असावी, फार मोठी नसावी; मोठ्या कुंडींतील जादा माती दिवसेंदिवस ओली राहते. बुडाशीं भोंकें असावींत, व त्यांवर फुटक्या कौलाचे तुकडे पालथे घालावे. माती एक भाग, नदीची जाड वाळू व विटांचा बारीक चुरा मिळून दोन भाग, आणि जुनें कुजलेलें पाल्याचें खत एक भाग, असें मिश्रण आम्हांस मानवलें आहे. त्यांत मूठभर निंबोळी पेंड घालावी. समुद्र जवळ आहे म्हणून किनाऱ्याची वाळू आणूं नये. तिच्यांतील मीठ मुळांस बाधतें. शेणखत ताजें घातल्यास झाड भराभर वाढतें, पण ती वाढ सुजेसारखी असते. पुढें तेथेंच तें वांकतें.

पाण्याचा नियम ऋतूप्रमाणें. माघापासून ज्येष्ठापर्यंत माती बोटभर खोल कोरडी झाली कीं भरपूर पाणी द्यावें. आमच्याकडे आठ-दहा दिवसांनीं तशी वेळ येते. थंडींत महिन्यांतून एकदां पुरे. पावसाळ्यांत कुंडी पडवीच्या छपराखालीं ओढावी, आणि मग देवावर भरंवसा ठेवून पाण्याचें नांव काढूं नये. आमच्या विहिरीचें पाणी गेल्या कांहीं वर्षांत मचूळ झालें आहे. त्या पाण्यानें आमचा मोगऱ्याचा वाफा हळूहळू गेला. निवडुंगाच्या कुंडीवरही पांढरे क्षार उमटूं लागले, तेव्हांपासून आम्ही पागोळ्यांचें पाणी पिंपांत सांठवून त्यास घालतों. ज्या झाडास वर्षाकाठीं अशीं दोन-चार पिंपें पुरतात, तेंच येथून पुढें आमच्या अंगणांत राहूं शकेल, असें दिसतें. ही गोष्ट केळीच्या बागांत वाढलेल्या माणसास सुखाची नाहीं. पण ती आहे.

थोड्या पाण्यावर हें झाड कसें जगतें, हें मुलांस सांगण्याजोगें आहे. इतर झाडें दिवसा आपलीं रंध्रें उघडतात, व त्यांतून पाणी उडून जातें. निवडुंग दिवसा तीं मिटून घेतो आणि रात्रीं गारव्यांत उघडतो. रात्रीं घेतलेला वायु आम्लाच्या रूपानें सांठवून ठेवतो, व दिवसा उजेड मिळाला म्हणजे त्याचें अन्न बनवितो. त्याच्या अंगावरील पैलू हे पेटीच्या भात्याप्रमाणें आहेत. पाणी मिळालें कीं ते फुगतात, न मिळालें कीं मिटतात. साल फाटत नाहीं. पैलू फार आंत गेलेले दिसले कीं झाड तहानलेलें समजावें.

ऊन भरपूर पाहिजे. सांवलींत वाढलेला निवडुंग फिकट व बारीक होतो, आणि पुढें ऊन मिळून वरचा भाग जाड झाला तरी मधली ती बारीक कंबर तशीच राहते. वाऱ्यांत झाड नेमकें तेथेंच मोडतें. मात्र सांवलींतून एकदम वैशाखाच्या उन्हांत ठेवूं नये. साल करपते, आणि तो डाग जन्माचा. दर पंधरवड्यास कुंडी पाव फेरा फिरवावी, म्हणजे झाड एका बाजूस झुकत नाहीं. पांच फुटांवर गेलें कीं दोन बांबू रोवून जुन्या धोतराच्या रुंद पट्ट्यांनीं सैल बांधावें. सुतळी अंगांत रुतते. कुंडी बदलतांना खोडास गोणपाट गुंडाळून दोघांनीं धरावें, व नंतर आठवडाभर पाणी देऊं नये. सांध्यांत कापसासारखी पिठ्या ढेकणाची कीड दिसल्यास स्पिरिटांत बुडविलेल्या कापसानें पुसून काढावी. बुडाशीं खोड मऊ व तपकिरी लागूं लागलें तर मात्र औषधाच्या शोधांत वेळ घालवूं नये. निरोगी भाग लागेपर्यंत वरून कापून घ्यावा आणि तोच पुन्हां लावावा.

घरांतील मंडळींचें मत आरंभीं पाहुण्यांच्या बाजूचें होतें. ‘अहो, तुळशीसमोर हें काय आणून ठेवलेंत?’ हा प्रश्न आम्हीं अकरा वर्षें ऐकला. नातवाच्या बोटांत कांटा रुतला त्या दिवशीं तर तें झाड घराबाहेर जातें कीं आम्ही, असा प्रसंग आला होता. शेवटीं कुंडीभोंवतीं बांबूचें कुंपण घालून तह झाला. २०१५ सालीं मे महिन्यांत त्यास प्रथमच कळी आली. ती वीतभर लांब झाली, आणि एका रात्रीं दिवेलागणीनंतर उमलूं लागली. दहाच्या सुमारास पूर्ण फूल झालें, पांढरें, ताटलीएवढें. त्याच्या मूळच्या देशांत रात्रींचे मोठे पतंग व वटवाघळें त्याजकडे येतात. येथें शेजारपाजारची मंडळी आली. सौभाग्यवतींनीं सर्वांस कॉफी केली, आणि ‘आमच्याकडे फुललंय’ असें त्या ज्यास त्यास सांगत होत्या. सकाळीं नऊपर्यंत फूल मिटून लोंबूं लागलें. त्या दिवसापासून तो प्रश्न बंद झाला.

१७ मे २०२१ रोजीं तौक्ते वादळ या किनाऱ्याजवळून गेलें. केळीच्या बागा आडव्या झाल्या; वीज गेली. पावसाळा अजून लागावयाचा असल्यामुळें कुंडी अंगणांतच होती. झाड मोडलें, वरचे तीन फूट तुटून वृंदावनाच्या कठड्यावर पडले. खालीं पांच फुटांचा बुंधा उभा राहिला. तुटलेला शेंडा आम्हीं स्वच्छ कापून, गंधक चोळून, माळ्यावर वाळत ठेवला. परंतु पुढें तीन आठवड्यांत मृग लागला. हवाच इतकी ओली कीं जखम सुकेना. आषाढांत तो शेंडा आंतून कुजला. बुंध्यानें मात्र कापाच्या जरा खालीं दोन कोंब टाकले. ते आज चार-चार फुटांचे झाले असून, झाड दोन्ही हात वर केलेल्या वारकऱ्यासारखें दिसतें.

हें दृश्य सुंदर आहे, पण टिकणारें नाहीं. दोन्ही हातांचा भार कापलेल्या बुंध्याच्या माथ्यावर येतो. कुंडीसह त्याचें वजन दोन मणांच्या पलीकडे गेलें आहे. दर वर्षीं मृगापूर्वीं ती पडवींत ओढणें आमच्या गुडघ्यांस आतां झेपत नाहीं, व डॉक्टरांनींही मनाई केली आहे. थोरला मुलगा म्हणतो, ‘तुम्ही दोघं आतां इकडेच या.’ त्याचें म्हणणें प्रेमाचें आहे व चुकीचेंही नाहीं. पण त्याचा फ्लॅट सातव्या मजल्यावर, आणि त्याच्या गॅलरींत उभा निवडुंग सोडाच, आडवी बादलीही मावत नाहीं. अशांत आमच्या दिवंगत स्नेह्यांच्या कन्येचें पत्र आलें. वडिलांच्या झाडाचा एखादा तुकडा मिळेल का, असें तिनें विचारलें आहे. तिच्या माहेरच्या अंगणांतील दुसरें कांहीं तिच्यापाशीं नाहीं.

पत्र येऊन वर्ष झालें. कापावें तर २०२१ सालच्या त्या कुजलेल्या शेंड्याची आठवण होते. एकुलतें एक झाड, त्यास पुन्हां सुरी कशी लावावी? न कापावें तर पुढच्या एखाद्या वादळांत तें सबंधच जाईल, आणि तेव्हां पुन्हां बाहेर मृगच असेल. आम्ही हा विचार महिनोन् महिने करीत होतों. सौभाग्यवतींनीं तो एका वाक्यांत संपविला. त्या म्हणाल्या, ‘जपून ठेवलेलं गेलं कीं सगळंच जातं. दिलेलं कुठें तरी राहतं.’ ज्यांनीं अकरा वर्षें त्या झाडाशीं वैर केलें, त्यांच्या तोंडून हें ऐकल्यावर आम्हांस उत्तर उरलें नाहीं.

म्हणून असें ठरलें आहे. यंदा होळी झाली कीं, हवा कोरडी असतांना, दोन्ही हात उतरावयाचे. सुरी स्पिरिटानें पुसून प्रत्येक हाताचे दोन-दोन तुकडे करावयाचे. कोणती बाजू खालची याची खूण करून ठेवावयाची, कारण उलटा लावलेला तुकडा धड वाढत नाहीं. तुकडे जाड आहेत, तेव्हां ते तीन आठवडे सांवलींत उभे वाळवून, कापावर खपली धरल्यावरच कोरड्या मातींत रोवावयाचे, आणि मुळें धरेपर्यंत पाणी शिंपडण्यापलीकडे द्यावयाचें नाहीं. चैत्र-वैशाखाचे दोन महिने त्यांस हातीं मिळतात. मृगापर्यंत तीं रोपें आपल्या मुळांवर उभीं राहतील. एक तुकडा स्नेह्यांच्या कन्येस, एक मुलाच्या गॅलरीस, एक शेजारच्या ख्रिस्ती गृहस्थांस, व एक आम्ही जेथें शिकविलें त्या शाळेस. बुंधा येथेंच राहील. वटार सोडण्याचें आम्हीं अजून ठरविलेलें नाहीं. आणि ठरलेंच, तर आता कुंडी ओढण्यास दोन माणसें पुरतील इतकी ती हलकी झालेली असेल.

बुंध्यास पुन्हां कोंब येतील. ते वीतभर झाले म्हणजे त्यांतलेही देतां येतील. ज्या वाचकांस हवे असतील त्यांनीं दोन वर्षें धीर धरावा, आणि येतांना जाड वर्तमानपत्र आणावें.